रीफ टँकमधले कोपेपॉड: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

रीफ टँक म्हणजे कोरल असलेला खाऱ्या पाण्याचा टँक. त्यातल्या पॉड्सचा, म्हणजे कोपेपॉडचा, विषय निघाला की तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. क्रम काही खास नाही, जो प्रश्न आधी आठवला तो आधी.

कोपेपॉड म्हणजे नक्की काय प्रकार आहे?

कोळंबी-खेकड्यांच्याच खानदानातला, पण साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान जीव. नाव ग्रीक आहे, वल्हं आणि पाय या दोन शब्दांचं मिळून, आणि पाय खरंच वल्ह्यासारखे मारतो. पुढून रुंद, मागे निमुळता, शेपटीला दोन फाटे आणि डोक्याच्या मधोमध एकच डोळा. दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बघा, पांढरे कण दिसतील जे सरकत नाहीत, झटके देत पळतात, थांबतात, परत झटका. ते पॉड.

अंड्यातून बाहेर येतं ते पिल्लू म्हणजे नॉप्लियस, ते आईबापासारखं अजिबात दिसत नाही, पाय फुटलेला ठिपकाच असतो. त्याच्या सहा अवस्था, मग कोपेपोडाइटच्या पाच, आणि मग मोठा पॉड. दर वेळी कात टाकायची. हे लक्षात ठेवा कारण पुढे खाणं आणि चाळणी या दोन्हीत पिल्लाचा आकार महत्त्वाचा ठरतो.

लाइव्ह रॉकबरोबर पॉड फुकट येतात की, मग विकत कशाला घ्यायचे?

येतात, खऱ्या लाइव्ह रॉकबरोबर, म्हणजे जीवजंतूंसकट आलेल्या समुद्री दगडांबरोबर, भरपूर येतात. पण आता बरेच जण कोरड्या दगडांवर टँक उभा करतात आणि कोरड्या दगडात काहीच जिवंत नसतं. फ्रॅगच्या (कोरलच्या तोडलेल्या तुकड्याच्या) बुडाला चिकटून किंवा दुसऱ्याच्या टँकमधल्या कीटोच्या (कीटोमॉर्फा या दोऱ्यासारख्या शेवाळाच्या) गुंडाळीतून थोडेफार येतील, पण कुठली जात आली आणि किती आली ते नशिबावर. कुणाचा जुना, निरोगी टँक माहितीचा असेल तर मूठभर कीटो किंवा संपमधले (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतले) दोन-चार रबलचे (फुटक्या दगडांचे) तुकडे मागून आणा, माझ्या मते पॉडच्या एका विकतच्या बाटलीच्या तोडीचं काम होतं. फक्त त्याबरोबर ऐपटेशिया (त्रासदायक ॲनिमोन) किंवा फ्लॅटवर्मसुद्धा (चपटे किडे) येऊ शकतात, ती जोखीम आपली.

कुठली जात घेऊ?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो, कारण बाटलीवर नुसतं 'कोपेपॉड' लिहिलेलं बघून लोक घेतात आणि मग म्हणतात टिकले नाहीत. आधी ढोबळ विभागणी समजून घ्या. हार्पॅक्टिकॉइड म्हणजे दगड, वाळू, काच यांना धरून राहणारे. कॅलेनॉइड म्हणजे आयुष्यभर पाण्यात तरंगणारे. सायक्लोपॉइड या दोघांच्या मधले, थोडं पोहतात थोडं बसतात.

टिस्बी ही हार्पॅक्टिकॉइड, आणि मला एकच जात निवडायला सांगितली तर मी डोळे झाकून हीच घेईन. लहान, फिकट रंगाची, फटीत घुसून राहते, कुजकं-बिजकं सगळं खाते आणि टँकच्या २५-२६ अंशात आठवडा-दोन आठवड्यात नवी पिढी तयार. माशांना सहज सापडत नाही, म्हणूनच टिकते. तोटा एवढाच की तुम्हाला पण दिसत नाही, त्यामुळे पैसे वाया गेले असं वाटत राहतं.

टिग्रिओपस कॅलिफॉर्निकस हा मोठा, लालसर-केशरी, एक मिलिमीटरच्या वर जातो. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यांतला, जिथे लाटांचे फक्त शिंतोडे येतात, त्यामुळे पाणी खारट झालं, पावसाने गोडसर झालं, तापलं, गार पडलं, याला सगळं चालतं. बाटलीत तो झकास टिकतो आणि दिसतोही छान म्हणून विक्रेत्यांचा लाडका. पण टँकमध्ये तो उघड्यावर झटके देत पोहतो आणि माशांना ते आमंत्रणच वाटतं. मासे असलेल्या टँकमध्ये टिग्रिओपस म्हणजे महागडं जेवण समजा. रेफ्युजियममध्ये, म्हणजे शेवाळ आणि रबल ठेवलेल्या वेगळ्या कप्प्यात, जिथे मासे पोचत नाहीत, तिथे मात्र चांगला जम बसवतो. अंगाचा लाल रंग ॲस्टाझँथिन या रंगद्रव्याचा, माशांच्या रंगालाही तो बरा.

ॲपोसायक्लॉप्स पॅनामेन्सिस हा सायक्लोपॉइड, उबदार पाण्याचा, उष्णता चांगली सोसतो. पिल्लं पाण्यात तरंगतात म्हणून कोरल आणि लहान तोंडाच्या माशांना मिळतात. टिस्बीबरोबर जोडी छान जमते, एक खाली एक वर.

पार्व्होकॅलॅनस हा कॅलेनॉइड, पिल्लं ४०-६० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून समुद्री माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवणारे याच्यामागे असतात. साध्या रीफ टँकमध्ये तो वस्ती करेल ही आशा सोडा. त्याला जिवंत फायटो (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) सतत लागतो, आणि पाण्यात तरंगणारा जीव पंप, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) आणि माशांच्या तोंडातून वाचणार किती?

मिक्स बाटली चांगली की एकच जात?

टँकमध्ये ओतायला मिक्स चालेल, टिस्बी आणि ॲपोसायक्लॉप्स असेल तर उत्तमच. घरी कल्चर (पैदास) करायचं असेल तर मात्र एकच जात घ्या, कारण मिक्स कल्चरमध्ये काही आठवड्यांत कुठली तरी एक बाजी मारते, बहुतेक वेळा टिस्बीच.

टँक किती जुना हवा?

सायकल, म्हणजे घाण पचवणारे जीवाणू टँकमध्ये बसण्याची प्रक्रिया, पूर्ण व्हायला हवी, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर. त्यानंतर काचेवर आणि वाळूवर तो तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर येतो ना, ज्याला बघून नवीन माणूस घाबरतो, तीच पॉड सोडायची वेळ. जेवण वाढलेलं आहे आणि खाणारा कुणी नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की पॉड माशांच्या आधी जायला पाहिजेत, निदान चार आठवडे आधी, सहा-आठ मिळाले तर सोन्याहून पिवळं. पण आपण सगळे उलट करतो, आधी मासे आणि सगळ्यात शेवटी, काहीतरी बिघडल्यावर पॉड.

बाटली आली, जिवंत आहेत की नाही कसं ओळखायचं?

बाटली हलवू नका, दहा मिनिटं एका जागी ठेवा, मग मागून टॉर्च मारा. उजेडाकडे काही पोहत येतात का बघा, तळाशी आणि कडेला काही सरकतंय का बघा. टिस्बी असेल तर तळाच्या गाळातच असणार, वरचं पाणी रिकामं दिसलं म्हणून लगेच तक्रार करू नका. झाकण उघडून वास घ्या, समुद्राचा किंवा हिरवट वास ठीक, कुजक्या अंड्याचा वास आला तर ती टँकमध्ये ओतू नका. भिंग असेल तर थेंबभर पाणी पांढऱ्या बशीत घेऊन बघा, अंड्यांची पिशवी शेपटीजवळ लटकवलेली मादी दिसली की बाटली चांगली. टिग्रिओपसमध्ये कधीकधी दोन पॉड एकामागे एक जोडल्यासारखे पोहताना दिसतात, तो नर तरुण मादीला आपल्या स्पर्शिकांनी धरून ठेवतो, ती वयात येईपर्यंत सोडत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं काहीतरी रोग आहे.

लेबलवरच्या आकड्यावर फार जाऊ नका, त्यात पिल्लंही मोजलेली असू शकतात. डोळ्याला किती दिसतात ते बघा.

सोडायचे कसे? ड्रिप करू का?

ड्रिपची, म्हणजे नळीने टँकचं पाणी थेंबथेंब घालत बसायची, एवढी गरज नाही. बाटली टँकमध्ये तरंगत ठेवा अर्धा तास, तापमान जुळेल. सॅलिनिटी (खारटपणा, विशिष्ट गुरुत्वात) मोजा, फरक ०.००३-०.००४ च्या आत असेल तर सरळ सोडा, जास्त असेल तर अर्ध्या तासात तीन-चारदा टँकचं थोडं थोडं पाणी बाटलीत घाला. बाटलीतलं पाणी बऱ्यापैकी घाण असतं, लहान टँक असेल तर ५० मायक्रॉनच्या आसपासच्या चाळणीतून गाळून पॉड तेवढे घ्या. मोठ्या टँकला ओतलं तरी काही बिघडत नाही.

आता महत्त्वाचं. दिवे बंद झाल्यावर तासाभराने, मासे झोपल्यावर. स्किमर बंद, रिटर्न पंप (संपमधून पाणी टँकमध्ये नेणारा) बंद, वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप) बंद, फिल्टर सॉक (घाण अडवणारी कापडी पिशवी) काढून ठेवा. मग वरून भसकन ओतू नका. एअरलाइनची नळी किंवा टर्की बेस्टर (रबरी फुग्याची मोठी पिचकारी) घेऊन खाली दगडांच्या फटीत, वाळूजवळ हळूहळू सोडा. निम्मे तिथे, निम्मे रेफ्युजियममध्ये. अर्ध्या-पाऊण तासाने पंप सुरू करा, स्किमर सकाळपर्यंत बंदच आणि सॉक बाहेरच राहू दे. बाटलीच्या तळाला नेहमी काही चिकटून राहतात, टँकचं पाणी घालून दोनदा विसळून तेही घाला.

माझी पहिली बाटली मी भर दुपारी, दिवे चालू असताना, वरून ओतली होती. क्रोमिस माशांचा थवा असा तुटून पडला की पाच मिनिटांत सगळं साफ, आणि मी वर कौतुकाने बघत उभा, बघा किती आवडीने खातायत म्हणून.

किती बाटल्या लागतील?

बाटली म्हणजे बियाणं समजा, पीक नाही. शेत तयार असेल, म्हणजे लपायला जागा आणि खायला अन्न असेल तर २०० लिटरला एक बरी बाटलीसुद्धा पुरते. शेत तयार नसेल तर दहा ओता, महिन्याने पाटी कोरी. एकदम चार ओतण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा थोडे थोडे सोडलेले मला जास्त भरवशाचे वाटतात, पहिला घाणा काही कारणाने गेला तरी दुसरा असतो.

त्यांना खायला काय घालायचं? माशांचं उरलेलं खातात ना?

खातात. टिस्बीसारखे तर माशांच्या विष्ठेवर, उरल्यासुरल्या अन्नावर आणि दगडावरच्या बुळबुळीत थरावर मजेत जगतात. त्यामुळे चांगलं खाऊपिऊ घातलेल्या जुन्या टँकमध्ये वेगळं काही नाही घातलं तरी चालतं.

अडचण येते ती अति स्वच्छ टँकमध्ये. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, दगड पांढरेशुभ्र, फोटो काढायला छान, आणि पॉड उपाशी. तिथे फायटो घालावाच लागतो. नॅनोक्लोरोप्सिस सगळीकडे मिळतो, कण २-३ मायक्रॉनचे, ईपीए चांगलं, पण डीएचए जवळपास नाही (दोन्ही ओमेगा-३ फॅटी ॲसिडं). आयसोक्रायसिसमध्ये डीएचए. टेट्रासेल्मिसचे कण मोठे, १० मायक्रॉनच्या आसपास, मोठ्या पॉड्सना सोयीचे. म्हणून दोन-तीन प्रकारांचं मिश्रण मिळालं तर तेच घ्या. जिवंत असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि रोज एकदा बाटली हलवा, तळाला बसला की सडतो.

डोस किती, तर बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्याने सुरू करा, रात्री, स्किमर दोन-तीन तास बंद ठेवून. पाणी तासाभरात परत स्वच्छ दिसलं पाहिजे. दर आठवड्याला नायट्रेट-फॉस्फेट मोजा, वर चढायला लागले तर हात आखडता घ्या. आणि दोन महिन्यांचा फायटो एका दिवसात ओतून 'बूस्ट' द्यायचा प्रयत्न करू नका, पॉड वाढायच्या आधी हिरवं शेवाळ वाढेल.

माझ्याकडे रेफ्युजियम नाही, काहीच होणार नाही का?

होईल. पॉडला हवी असते माशाचं तोंड जाणार नाही अशी फट. कवटीएवढ्या दगडाच्या मागे, कोपऱ्यात, मूठभर रबलचा ढीग करा, बोराएवढे तुकडे. किंवा प्लास्टिकच्या जाळीच्या डब्यात रबल भरून ठेवा, लोक त्याला पॉड हॉटेल म्हणतात. मागे लटकवायच्या फिल्टरमध्ये कीटोचा गोळा टाकून वर छोटा दिवा लावला तरी ते छोटं रेफ्युजियमच.

रेफ्युजियम करणारच असाल तर मूठभर कीटोमॉर्फा, थोडा रबल, मंद प्रवाह आणि दिवा रात्रीचा, म्हणजे टँकचे दिवे बंद तेव्हा याचे चालू. रात्री पीएच घसरतो तोही थोडा सावरतो. कीटो काढताना आधी बादलीत टँकच्या पाण्यात खळबळून घ्या आणि ते पाणी परत टँकमध्ये ओता. मी एकदा ते पाणी पांढऱ्या टबमध्ये केलं आणि बघितलं तर तळ अक्षरशः वळवळत होता, त्याआधी वर्षभर मी ते दर पंधरा दिवसांनी मोरीत ओतत होतो.

स्किमर, फिल्टर सॉक, यूव्ही, हे सगळे पॉड मारतात ना?

थोडे मारतात, पण जेवढी बोंब होते तेवढे नाही. स्किमर तरंगणारे थोडे काढतो. २०० मायक्रॉनचा सॉक मोठे पॉड अडवतो, पिल्लं आरपार जातात, अडकलेले सॉकमध्ये जिवंत असतात, म्हणून धुवायच्या आधी सॉक उलटा करून टँकच्या पाण्यात झटका. यूव्हीतून (पाणी निर्जंतुक करणाऱ्या अतिनील दिव्यातून) जे पाणी जातं त्यातल्यांनाच त्रास, दगडात बसलेल्या टिस्बीला यूव्हीचं काय. रिटर्न पंपमधून बरेच पॉड सहीसलामत वर पोचतात. पहिले दोन आठवडे यूव्ही बंद ठेवा आणि मग विसरा. पॉड नाहीत याचं कारण दहातल्या नऊ वेळा उपासमार किंवा मासे असतं.

मँडरीन कधी आणू?

आज नाही. मँडरीन म्हणजे पॉडवर जगणारा रंगीत मासा. ढोबळ नियम सांगतात की साधारण ३०० लिटर आणि जवळपास वर्षभर जुना टँक हवा, आणि तो नियम उगाच नाही. मँडरीन दिवसभर, अगदी दिवे लागल्यापासून मावळेपर्यंत, एकेक पॉड टिपत फिरतो. त्याचं पोट लहान, एकदा पोटभर खाल्लं आणि दिवस काढला असं त्याला जमत नाही. दिवसा काचेवर सहज पॉड दिसतायत, टॉर्च न घेता, असं निदान महिनाभर चाललं की मग विचार करा. आणि टँकमध्ये सिक्सलाइन रास मासा असेल तर विचारही करू नका, तो पण तेच खातो आणि जास्त चपळाईने. लेपर्ड रास, पाइपफिश, स्कूटर ब्लेनी, हे सगळे एकाच ताटात जेवणारे. स्कूटर ब्लेनी नावालाच ब्लेनी आहे, आहे तो मँडरीनच्याच घरातला ड्रॅगनेट.

मी चार महिन्यांच्या टँकमध्ये आणला होता. विकणाऱ्याने सांगितलं आरामात जगेल. पहिले तीन आठवडे खरंच मजेत होता, म्हणून मी निर्धास्त. मग एक दिवस तो काचेवर आला तेव्हा खालून पोट दिसलं, आत ओढलेलं, आणि वरून बघितलं तर डोक्यामागे पाठ दोन्ही बाजूंनी खचलेली. तोपर्यंत काचेवर एकही पॉड उरला नव्हता. मग रोज बाटल्या आणून ओतत राहिलो पण उशीर झाला होता. मँडरीनची पाठ बघायची सवय लावा, रंग शेवटपर्यंत झळकत असतो, रंगावरून काही कळत नाही.

मँडरीनला फ्रोझन (गोठवलेलं अन्न) खायला शिकवता येतं ना?

काही शिकतात, काही मरेपर्यंत शिकत नाहीत. टँकमध्ये वाढवलेला मिळाला तर तोच घ्या, तो बहुतेक फ्रोझन ओळखतो. तरी पॉड लागतातच.

आधी काचेवर भरपूर होते, आता दिसत नाहीत. मेले का?

बहुतेक नाही. सोडल्यावर तीन-चार आठवड्यांनी संख्या एकदम फुगते, कारण डायटमचा थर आणि नवीन घाण दोन्ही भरपूर असतं. ते संपलं की संख्या खाली येऊन स्थिरावते. शिवाय मासे काचेवरचे खाणं शिकतात, मग उरतात ते फटीतले. रबलचा एक तुकडा उचलून पांढऱ्या वाटीत टँकच्या पाण्यात जोरात हलवा, पाच मिनिटं थांबा, टॉर्च मारा. काही हललं तर वस्ती आहे. काहीच नाही, तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या तुकड्यांतून काहीच नाही, तर मात्र अन्न, मासे, औषध या क्रमाने शोध घ्या.

काचेवरचा प्रत्येक पांढरा ठिपका पॉड असतो का?

नाही. हलत नसेल आणि गोल शंखासारखा वळलेला असेल तर तो नळीत राहणारा स्पायरॉर्बिड किडा, निरुपद्रवी. सपाट, मागे दोन टोकं आणि घसरत चालतो तो फ्लॅटवर्म. कोळंबीसारखा पाठीत वाकलेला, पाच-सात मिलिमीटरचा, आडवा पडून सरपटणारा म्हणजे ॲम्फिपॉड, तो वेगळा गडी, चांगलाच आहे पण लहान तोंडाच्या माशांना मोठा पडतो.

औषधांचं काय?

कॉपर (तांबं असलेलं औषध) म्हणजे पॉडचा शेवट, आणि कोळंबी-गोगलगायींचाही. मासा आजारी असेल तर वेगळ्या टँकमध्ये न्या. ॲक्रोपोरा कोरलवरच्या रेड बग या परजीवीसाठी लोक मिल्बेमायसिन वापरतात, त्याने टँकमधले पॉड पण जातात, आणि जाणारच, कारण तो रेड बग स्वतःच एक कोपेपॉड आहे. असा उपचार केला असेल तर कार्बन लावून, दोन-तीनदा पाणी बदलून मग नव्याने पॉड सोडा.

पॉड शेवाळ साफ करतात का?

पातळ थर, डायटम, घाण, हो. लांब केसाळ शेवाळ, नाही. जाहिरात काही म्हणो.

घरी कल्चर जमतं का?

जमतं, टिस्बी किंवा टिग्रिओपसपासून सुरुवात करा. पाच-दहा लिटरचं पारदर्शक भांडं, सॅलिनिटी १.०२० ते १.०२४, कडक प्लास्टिकची नळी आणि एअर पंप. एअरस्टोन लावू नका, बारीक बुडबुडे नकोत, सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे पुरे, पाणी जरा हललं की झालं. हीटर खोलीच्या तापमानावर अवलंबून, टिस्बीला २४-२६ आवडतं.

फायटो घालायचा तो पाणी फिकट हिरवं होईपर्यंतच. भांड्यामागे हात धरला तर बोटं मोजता आली पाहिजेत. पाणी पांढरट-स्वच्छ झालं की परत घाला, अजून हिरवं असेल तर थांबा. कल्चर बुडतात ती नव्वद टक्के जास्त प्रेमाने, म्हणजे जास्त खाऊ घालून, तळाला थर साचतो, अमोनिया वाढतो, एका रात्रीत वास. आठवड्याला पाव भाग पाणी ५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, चाळणीवरचे टँकला, भांड्यात तेवढं नवीन खारं पाणी.

एक नाही, दोन भांडी ठेवा, आणि दोन्हींना वेगळे चमचे, वेगळ्या नळ्या. रोटिफरचं (माशांच्या पिल्लांना घालायच्या सूक्ष्म जीवांचं) कल्चर शेजारी असेल तर विशेष जपा, टिस्बी एका थेंबातून तिकडे पोचते आणि मग ते कल्चर तिचं होतं. दुसरं भांडं मी दुसऱ्या खोलीत ठेवतो, घरचे हसतात, पण तीनदा पहिलं बुडालं आणि तीनदा त्याच दुसऱ्याने परत उभं केलं.